सात नंबरची काच

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता आंधळगावच्या जुन्या कचेरीत, मोठ्या दालनाच्या उत्तरेकडच्या भिंतीवरची सात नंबरची काच तुटली. त्या वेळी दालनात एकटी शकुनबाई होती. तिचा हात काचेला लागला नव्हता, उंचावर काम करायला उभारलेल्या घोडीचा बांबू लागला नव्हता, वाराही नव्हता. टिच असा बारीक आवाज झाला, भातातला खडा दाताखाली यावा तेवढा. तिने मान वळवली तेव्हा काचेला मधोमध उभी चीर गेली होती.

शकुनबाईने आधी दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. मग गेल्या चोवीस दिवसांत आठ वेळा केलं होतं तेच तिने नवव्यांदा केलं. गवंडीकामाच्या करणीच्या टोकाने तुटकी काच खरवडून काढली, सामानाच्या खोलीतल्या खोक्यातून नवी आणली, दोन्ही टोकांना प्लास्टरचे ठिपके देऊन ती होती त्याच जागी, होती तशीच आडवी बसवली. प्लास्टर घट्ट झाल्यावर पेन्सिलने एका ठिपक्यावर ७ आणि दुसऱ्यावर ५ जानेवारी असं लिहिलं. जानेवारीतला ज अभियंता मॅडम काढतात तसा, खाली शेपटी ओढलेला. तुकडे तिने दंतमंजनाच्या रिकाम्या डब्यात टाकले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. सगळ्याला दहा मिनिटं लागली. मग ती पुन्हा चुना घोटायला बसली.

कचेरी शंभर वर्षांवरची. मालगुजाराच्या काळात तिथे न्यायनिवाडे व्हायचे, पुढे टपाल कार्यालय आलं, नंतर धान्याचं गोदाम, आणि शेवटची वीस वर्षं कुलूप. आता तिचं वारसा केंद्र होत होतं. नागझिऱ्याच्या जंगलात नाहीतर आंबागडच्या किल्ल्यावर जाणाऱ्या गाड्या इथे थांबतील, पाहुणे कोसा रेशीम विणताना पाहतील, वरच्या माडीवर प्रदर्शन, खालच्या दालनात दंडारीचा नाच. उद्घाटन रविवारी होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुंबईहून पाहुणे येणार होते.

शकुनबाई शेतकरी घरातली. नवरा जागेश्वर उन्हाळी धानाच्या रोवण्यात गुंतलेला. ती आधी इथे घमेली उचलायला लागली आणि चार महिन्यांत चुन्याच्या घोटाईत तयार झाली. बेलाचा गर, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळलेला चुना ती गुळगुळीत दगडाने असा घोटायची की भिंतीत तोंड दिसावं. हात इतका साफ की मुकादम धनीरामने दालनाची राखणही तिच्यावरच टाकली. काचा बसवल्या त्या दिवशी तो म्हणाला होता, “हे पहा शकुनबाई, या अकरा काचा मॅडमच्या होत. दर बुधवारी येऊन तपासते ते. एकबी फुटली पाहिजे नाही. फुटली तं तुमच्या नावावर.”

बोटभर लांबीच्या पट्ट्या त्या, दवाखान्यात रक्त तपासायला वापरतात तशा. भिंतीतल्या जुन्या भेगांवर आडव्या चिकटवलेल्या. कशासाठी, ते धनीरामने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मॅडमच्या वस्तू, शाबूत राहायला हव्यात, एवढं तिला कळलं. पहिली काच तुटली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत. शकुनबाईच्या घरी हातातली बांगडी गेली तरी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. आणि इथे नवी होऊ घातलेली वास्तू आणि भिंतीवर फुटकी काच! आपल्याच घोडीचा धक्का लागला असेल असं समजून तिने ती बदलली. दुसऱ्या काचेच्या वेळीही तसंच समजली. तिसऱ्या वेळेपासून ती काही समजायच्या भानगडीत पडली नाही.

बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी कामिनी मॅडम नागपूरहून आल्या. तिशीतल्या, जुन्या इमारतींच्या कामाचं शिक्षण घेतलेल्या अभियंता, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. त्यांच्याबरोबर शाळेचे अमर सर होते, दंडारीच्या मुलींना शिकवणारे. शकुनबाई घोडीवर होती, छताच्या कडेचा पट्टा घोटत. मॅडमनी हातातल्या दिव्याने एकेक काच पाहिली, नंबर आणि तारीख वाचली, वहीत खुणा केल्या.

अमर सर म्हणाले, “मॅडम, चाळीस पोरी नाचणार आहेत इथं. दंडारीत उड्या असतात. पालकांनी विचारलं तर मी काय सांगू?”

“बरं झालं विचारलंत. ही काच पाहा. भेगेच्या दोन्ही काठांना धरून बसवली आहे. भेग केसभर उघडली तरी काच तुटणार, तिला ताण सोसत नाही. पाच जानेवारीला बसवल्या. त्यातली एकही तुटली नाही. म्हणजे पाच आठवड्यांत भिंत हललेली नाही.”

“आणि तुटली असती तर?”

“तर मी तुम्हाला आत उभंसुद्धा राहू दिलं नसतं, सर.”

शकुनबाईचा घोटायचा दगड हातात तसाच राहिला. तो खाली पडू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने धरला. खाली मॅडम धनीरामला सांगत होत्या की माडीच्या तुळयांखालचे नऊही टेकू आता काढायला हरकत नाही, केशवकाकांना सांगा, पूर्वेच्या टोकापासून एकेक. धनीराम हो जी, हो जी म्हणत होता. शकुनबाईला वाटलं आपण आत्ता बोललो, तर आवाज या सगळ्यांवर पडेल आणि खाली फुटेल. ती घोडीवरून उतरली. मॅडम अंगणात होत्या, गाडीचं दार उघडून. पंचवीस पावलं. शकुनबाई पंधरा चालली. तुमच्या नावावर, तुमच्या नावावर, एवढंच कानात वाजत होतं. खोटी तारीख टाकली म्हणजे काय कलम लागतं, पोलीस घरी येतात की ठाण्यात बोलावतात, पोरीच्या, डिंपलच्या, शाळेत कळेल का, असं एकावर एक. गाडी वळली आणि फाटकाबाहेर गेली. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मागे दालनात घणाचे ठोके सुरू झाले.

केशवराव एकसष्ट वर्षांचे. चिखल्याच्या मँगनीज खाणीत एकतीस वर्षं जमिनीखाली छताला लाकडाचे आधार देण्याचं काम केलेले. निवृत्त झाल्यावर धनीरामने त्यांना टेकूंसाठी आणलं होतं. दीड वाजता ते पिंपळाखाली शिदोरी सोडून बसले होते, पण खात नव्हते. उजवा खांदा चोळत होते.

“काय झालं, काकाजी?” शकुनबाईने विचारलं.

“चार काढले. पाच बाकी. पाचर दोन ठोक्यांत निघाली पाहिजे व. पहिलीले बारा मारले. चवथीले तं मोजलेच नाही.”

“मंग?”

“मंग काय? टेकूवर भार नसता तं पाचर हातानं निघाली असती. मॅडम म्हनते भिंत थिर हाय. वही म्हनते थिर हाय. माहा खांदा म्हनते नाही.” ते हसले. “म्हातारा झालो, अजून काय.”

शकुनबाई त्यांच्यासमोर मातीत बसली. “काकाजी, काचा मी बदलल्या.”

“कोनत्या काचा?”

“भिंतीवरच्या. नऊ डाव.”

केशवरावांनी भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला. “कायले?”

“मुकादम म्हनला, एकबी फुटली पाहिजे नाही. अन् फुटकी काच, अशा टायमाले... मले वाटलं घोडी लागली असन.”

“तारीख?”

“जुनीच टाकली. त्याइच्यावानी अक्षर काढून.”

त्यांनी शिदोरीचं फडकं परत बांधलं. “तुह्या हातचं काम लय साफ असते, शकुन,” ते म्हणाले. “थोडं गबाळं असतं तं त्या मॅडमले पहिल्याच बुधवारी दिसलं असतं.”

मग ते उठले. सामानाच्या खोलीतून लोखंडी सब्बल घेतली आणि दालनात गेले. शकुनबाई दारात थांबली. खाणीत छत तपासतात तसा त्यांनी डावा तळहात भिंतीला लावला आणि उजव्या हाताने सब्बलीचं टोक हळूच मारलं. एक नंबरच्या काचेखाली ठण. दोनखाली ठण. तीन, चार, पाच, ठण. सहाखाली आवाज बदलला, भरल्या मडक्यावरून रिकाम्या मडक्यावर बोट यावं तसा ढब झाला. सातखाली ढब. तळहात त्यांनी जरा जास्त वेळ भिंतीवर ठेवला. आठखाली त्यांनी सब्बल उचलली आणि मारली नाही. उलट्या पावलांनी, भिंतीकडे पाठ न करता, ते दारापर्यंत आले.

“आठवा कावून नाही ठोकला?”

“आता ठोकनं बरं नाही,” ते म्हणाले. कुजबुजले.

मॅडमचा नंबर अंगणातल्या फलकावर होता. शकुनबाईने सहा वेळा लावला. सहाही वेळा फोन संपर्कक्षेत्राबाहेर. धनीराम मांडवाचं ठरवायला मोहाडीला गेला होता, त्याचा लागला.

“मुकादम, आज पोरीइले तालमीले येऊ देऊ नका.”

“काहून?”

“भिंत बरोबर नाही. काकाजीनं ठोकून पाह्यली.”

“काकाजीले भिंतीत भूत दिसते. एकतीस वर्षं भुयारात राह्यला तो.” पलीकडे कोणीतरी हसलं. “मॅडमनं लिहून देल्लं शकुनबाई, सही करून देल्लं. तुमाले भेव वाटून राह्यलं तं घरी जा, उद्या या.”

“मुकादम, त्या काचा...”

“काचा काय?”

तिने फोन बंद केला. हे तिने पुढे कितीदा तरी सांगितलं, मॅडमना, अमर सरांना, नवऱ्याला. त्याने विचारलं होतं आणि मी फोन बंद केला.

तालीम तीनची होती. शाळेच्या मैदानातून कचेरीच्या मागच्या दाराला वाट आहे, ती पिंपळाखालून दिसत नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी दालनातून ढोलकी ऐकू आली तेव्हा शकुनबाई सातव्यांदा फोन लावत होती.

ती धावली. दारात पोचली तेव्हा चार रांगा उभ्या राहून नाच सुरू झाला होता. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी डिंपल, तिची नववीतली मुलगी, ओढणी कमरेला बांधलेली. ढोलकीच्या चौथ्या ठेक्यावर चाळीस पोरी एकदम उडत होत्या आणि ऐंशी पाय एकदम फरशीवर येत होते. दर उडीला उत्तरेच्या भिंतीतून, सात आणि आठ नंबरच्या मध्ये, वरच्या तुळईच्या टोकाखालून चुन्याची पांढरी भुकटी सुतासारखी सरळ खाली येत होती. आली, थांबली. आली, थांबली. भिंतीकडे कोणाचीही नजर नव्हती.

“बंद करा!” केशवराव मागून ओरडले. ढोलकीत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

भिंत पडते म्हणून सांगितलं तर काय होईल ते शकुनबाईला लख्ख दिसलं. सर म्हणतील कुठे, आणि भिंतीशी जाऊन पाहतील. पोरी माना वर करून उभ्या राहतील. दोघी-तिघी बोट लावून बघतील. कचेरीच्या बाहेरच्या कंगणीला, छताखालच्या कडेला, तीन वर्षांपासून आग्या माश्यांचं मोहोळ होतं. गेल्या उन्हाळ्यात ते उठलं तेव्हा बाजाराला आलेल्या अकरा जणांना तुमसरच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं काय करायचं ते.

“आग्या उठला!” शकुनबाई किंचाळली. “आग्या उठला व! पळा! मांगच्या दारानं पळा!”

ढोलकी थांबली. क्षणभर कोणी हललं नाही. मग ओढण्या डोक्यावर गेल्या आणि सगळ्या पोरी एका दिशेने सुटल्या. दोघी दारात पडल्या, त्यांच्यावरून बाकीच्या गेल्या. अमर सर ढोलकीवाल्याला ओढत शेवटी निघाले. केशवरावांनी दार बाहेरून ओढलं आणि कडी घातली.

मैदानात पोरी डोकी झाकून उकिडव्या बसल्या होत्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. एकीने ओढणी बाजूला करून वर पाहिलं. मोहोळ कंगणीला काळंभोर आणि शांत लटकत होतं.

“अवं, कुठी आहे आग्या?” कोणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. “डिंपलच्या मायले माशी चावली!”

अमर सर कपडे झटकत आले. “शकुनबाई, हा काय प्रकार आहे? त्या दोघींचे गुडघे फुटलेत.”

डिंपलचं तोंड लाल झालं होतं. “काय करून राह्यली आई तू? सारे हसून राह्यले!”

शकुनबाईने सांगितलं. मैदानात, सगळ्यांसमोर. काच कधी तुटली, ती कशी काढली, तारीख कशी लिहिली. सांगताना ती डिंपलकडे न पाहता सरांच्या चपलांकडे पाहत होती. तिचं संपलं तेव्हा हसू थांबलेलं होतं. अमर सरांनी एकदा कचेरीकडे पाहिलं, मग पोरी मोजल्या. परत मोजल्या. चाळीस भरल्यावर म्हणाले, “घरी जा. सगळ्या. सरळ घरी.”

डिंपल आईबरोबर निघाली नाही, मैत्रिणींबरोबर गेली.

तीन पंचवीसला मॅडमचा फोन लागला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्या परत आल्या. शकुनबाईने दंतमंजनाचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि कचेरीच्या पायरीवर बसल्या.

“पहिली कोणती?”

“सात नंबर.”

“कोणत्या दिवशी?”

शकुनबाईला नऊही दिवस पाठ होते. भीतीने पाठ झाले होते, बाजाराच्या नाहीतर उपासाच्या दिवसाला जोडून. सात, आठ, सात, सहा, सात, आठ, सात, आठ, सात. मॅडमनी ते एकाखाली एक लिहिले आणि शेजारी दोन काचांमधल्या दिवसांचे आकडे मांडले. सहा, पाच, चार, तीन, दोन, दोन, एक, एक.

शेवटच्या दोन आकड्यांखाली त्यांनी रेघ ओढली. मग विचारलं, “महिन्यापूर्वी इथे काही झालं का? बाहेरून? भिंतीला लागून?”

“दिव्याच्या वायरीसाठी नाली खोदली जी,” केशवराव म्हणाले. “मांगच्या अंगाले, पायव्याले लागून. ते काम दुसऱ्या ठेकेदाराचं. दोन दिवसांत बुजवूनबी टाकली.”

“किती खोल?”

त्यांनी हात मांडीच्या वर लावून दाखवला. जमीन तिथे काळी कन्हार. पावसाळ्यात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. मॅडमना नालीचं कोणी सांगितलं नव्हतं, आणि बुधवार येईपर्यंत वरून फरशी बसली होती.

“मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही,” मॅडम शकुनबाईला म्हणाल्या, “काच कशासाठी ते. धनीरामला सांगितलं आणि पुढे गेले.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. 

टेकू परत बसवायचे ठरले. केशवराव म्हणाले, आत एकच माणूस जाईल, मी. दुपारी काढलेला चौथा टेकू त्यांनी खांद्यावर घेतला आणि गेले. आतून बराच वेळ लाकूड घासल्याचा आवाज आला. मग टेकू तसाच खांद्यावर घेऊन ते बाहेर आले आणि तो अंगणात आडवा टाकला.

“बसत नाही.”

“म्हणजे?”

“दुपारी बारा-एकपर्यंत हाच हितं उभा होता जी. पाचर काढून टाकली, तरीबी आता उभा राहून नाही राह्यला. तुळई खाली आली.”

मॅडमनी आत जाऊन टेप लावली. पावणेतीन सेंटिमीटर. शकुनबाईने आपली दोन बोटं एकमेकांना जोडून पाहिली. तेवढं. ढोलकी सुरू झाली तेव्हा ते सुरू झालं होतं की आधीच, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

केशवरावांनी चारही टेकू करवतीने आखूड केले आणि एकट्याने बसवले. सूर्य मावळायच्या आत ते बाहेर आले. मॅडमनी अकराही काचा नव्या लावल्या, त्या दिवसाची तारीख घालून. आणि दाराला कुलूप लागलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता खिडकीतून दुर्बिणीने पाहिलं तेव्हा सात आणि आठ तुटलेल्या होत्या. शुक्रवारी सकाळी अकरापैकी पाच तुटलेल्या होत्या.

मॅडमनी गुरुवारीच अहवाल पाठवला होता. कार्यक्रम रद्द करा, उत्तरेकडचा रस्ता बंद करा. शुक्रवारी दुपारी वरच्या कार्यालयातून फोन आला. आवाज सभ्य होता. त्यांच्यासमोर मॅडमच्याच सहीचे पाच अहवाल होते, पाचही बुधवारचे, हालचाल नाही असं सांगणारे. आणि आता एक सहावा, एका मजूर बाईच्या तोंडी सांगण्यावर उभा. पाहुण्यांचा दौरा ठरला आहे. तांत्रिक समितीकडे विचारणा केली आहे. लेखी आदेश येईपर्यंत कार्यक्रम कायम समजावा.

“पण नव्या काचा तुटल्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “फोटो पाठवलेत.”

“पाहिले. कोणी तोडल्या नाहीत, याची खात्री काय?”

शुक्रवारीच संध्याकाळी पाच वाजता धनीराम शकुनबाईच्या घरी आला. जागेश्वर ओसरीवर पाय धूत होता. धनीरामने खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि खाटेवर ठेवला.

“वैनी, घोडीचा धक्का लागून काचा फुटल्या, एवढं लिहिलं आहे. सही करा. तुमचंबी निभते, माहंबी निभते. नाहीतं उद्या दोघाइले ठाण्यात उभं करतीन. खोटी तारीख टाकनं म्हनजे काय, माहीत आहे नं?”

शकुनबाईने कागदाला हात लावला नाही. “घोडी तं मंगळवारी त्या भिंतीले नव्हतीच, मुकादम.”

“तुमी नव्हती म्हनान तं नव्हती. तुमी होती म्हनान तं होती. कोन पाह्यलं?”

“डिंपल पहिल्या लाइनीत आहे.”

“मंग पोरीले पाठवू नका न. ताप आला म्हना.”

“अन् बाकीच्या एकोनचाळीस?”

 धनीरामने जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वर दुसरा पाय धूत होता, तो कधीच स्वच्छ झाला होता.

“कागद राहू द्या,” धनीराम उठत म्हणाला. “उद्या येतो.”

तो गेल्यावर जागेश्वरने विचारलं, “काय करतेस?” ती म्हणाली, माहीत नाही. रात्रभर तिला आवाज येत राहिला, टिच, टिच, आणि ते घर मातीचं होतं, त्याला काच कुठेही नव्हती.

शनिवारी सकाळी कागद खाटेवर होता तसाच, सही नसलेला. शकुनबाई कचेरीवर गेली. काम बंद होतं, तरी गेली. मांडववाले अंगणात खुर्च्या उतरवत होते. मांडवाचा एक दोर त्यांनी उत्तरेच्या खिडकीच्या गजाला ताणून बांधला होता. केशवराव त्यांच्याशी भांडत होते आणि ते म्हणत होते, आमाले जसं सांगतलं तसं करून राह्यलो काकाजी, आमच्यावर कायले चिडता. शेवटी केशवरावांनी दोर स्वतः सोडला आणि पिंपळाला बांधला. मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, फोन कानाला लावून. शकुनबाईला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. आदेश आला नव्हता. त्या दिवशी आतल्या किती काचा तुटल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि शकुनबाईने विचारलं नाही. अमर सर शाळेत दोनदा जाऊन आले होते. मुलींना नेणार नाही म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना लिहून दिलं होतं. तालमीचं आणि कार्यक्रमाचं काम दुपारीच त्यांच्याकडून काढून दुसऱ्या शिक्षकांना दिलं गेलं.

दुपारभर शकुनबाई दारोदार हिंडली. चाळीसपैकी सत्तावीस घरं झाली. नऊ जणींच्या आया म्हणाल्या, नाही पाठवत. बाकीच्यांनी चहा विचारला. एक म्हणाली, टीव्हीवर दाखवणार आहेत म्हणतात, पोर चार दिवस झोपली नाही आनंदानं. एकीने दारातूनच म्हटलं, “तुह्याच हातानं झालं नं व हे? मंग आता आमाले कायले भेव दाखवून राह्यली?”

ती घरी आली तेव्हा डिंपलने नाचाचं हिरवं लुगडं इस्त्री करून खुंटीला लावलेलं होतं.  कामिनी मॅडमनी फोनवरून पाठवलेल्या अहवालाखाली तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या होत्या, उत्तर नव्हतं. कचेरीच्या कुलपाची एक किल्ली मॅडमकडे होती, दुसरी धनीरामकडे.

संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी शाळेच्या गटावर नवा निरोप आला. डिंपलने तो मोठ्याने वाचला. दंडारीच्या सर्व मुलींनी उद्या सकाळी आठऐवजी साडेसात वाजता कचेरीच्या दालनात हजर राहावे.